तिसऱ्या पाळीची झोप

१

नंदकिशोर लोकांची दारं वाजवून पोट भरत असे. संख्याशास्त्रात पहिल्या वर्गात एम.एस्सी. झालेला जावई दारोदार हिंडतो, हे त्याच्या सासऱ्यांना चारचौघांत सांगायची सोय नव्हती. पण काम चांगलं होतं आणि तो ते मनापासून करत होता.

अठ्ठ्याहत्तर सालचा उन्हाळा होता. भोसरीत शेडला लागून शेड उठत होती आणि रोज कुणी लातूरकडचा, कुणी रत्नागिरीकडचा पोरगा पत्र्याची ट्रंक घेऊन उतरत होता. राहायला खोली मिळायची नाही. एकेका खोलीत तिन्ही पाळ्यांची माणसं आळीपाळीने एकाच सतरंजीवर झोपत. आणि त्याच गल्लीत कितीतरी खोल्यांना कुलपं! मालकांचं म्हणणं सरळ होतं. भाडेकरू एकदा आत शिरला की कोर्टालासुद्धा काढता येत नाही, त्यापेक्षा खोली उंदरांना दिलेली बरी.

यावर उपाय म्हणून नगरपालिका आणि विद्यापीठ यांनी मिळून एक निवास समिती काढली. विद्यापीठाच्या माणसांनी घरोघर हिंडून माहिती आणायची, ती कार्डांवर पंच करून कॉम्प्युटरला खाऊ घालायची, आणि कुठली खोली खरोखर रिकामी आहे ते कॉम्प्युटरने सांगायचं. मग समिती कुलूप काढणार आणि खोली गरजूला भाड्याने देणार. नियम एकदम शास्त्रशुद्ध. वेगवेगळ्या दिवशी तीनदा दार वाजवायचं आणि तिन्ही वेळा कुलूप दिसलं तर खोली रिकामी धरायची.

नंदकिशोरला या कामाची गोडी लागायला आणखी एक कारण होतं. तो स्वतः गरजू होता. पुण्यात दोन खोल्यांत आई-वडील, धाकटा भाऊ, त्याची नवी नवरी आणि हे दोघं. बायको वासंती, तिला पाचवा महिना. नवरा-बायकोला चार शब्द बोलायचे तर पर्वतीच्या पायऱ्या चढाव्या लागत. समितीचे अधिकारी प्रभाकर देशमाने यांनी शब्द दिला होता, "नंदकिशोर, सापडलेल्या खोल्यांतली एक तुझी. बाळंतपणाच्या आत." त्या एका वाक्यावर तो उन्हातान्हात दिवसभर हिंडत असे.

२

पहिलंच कुलूप तोडलं आणि शास्त्राचा पार बोऱ्या वाजला.

समितीकडे भैरू नावाचा घणवाला होता. दंड असे, की घण त्याच्या हातात पळीसारखा वाटायचा. त्याने एका घावात कुलूप उडवलं, दार लाथेने उघडलं, आणि आतून चड्डीवरचा एक माणूस किंचाळत त्याच्या अंगावर आला. त्याने भैरूच्या हाताचा चावा घेतला, प्रभाकररावांच्या कपाळावर तांब्या हाणला. भैरूने त्याला भिंतीवर आपटलं, तेव्हा कुठे त्याचा दात आणि अवसान दोन्ही गळालं.

"चोर समजलो की राव मी!" तोंडातलं रक्त पुसत तो म्हणाला. "रात्रपाळी करून झोपलो होतो."

"आणि बाहेरून कुलूप?"

"जोडीदारच लावून जातो. नाहीतर पोरं दार बडवतात, दूधवाला बडवतो, तुमच्यासारखे बडवतात. झोप कशी लागायची?"

भोसरीत ही रीतच होती. रात्रपाळीवाला झोपला की जोडीदाराने बाहेरून कुलूप लावून जायचं, आणि संध्याकाळी येऊन उघडायचं. अख्ख्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट फक्त विद्यापीठाला ठाऊक नव्हती. समितीने ज्या खोल्या रिकाम्या धरल्या त्यांत निम्म्या खोल्यांत माणसं घोरत पडलेली होती.

नियम बदलला. आता ज्या खोलीला स्वतंत्र विजेचा मीटर आहे आणि तो वर्षभर हललेला नाही, तीच रिकामी. नंदकिशोरला हा नियम पुरता पटला. माणूस दिवसभर झोपेल, पण कधीतरी दिवा लावेलच की! मालकलोक मात्र आता हुशार झाले होते. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य, "कुलूप काढू नका साहेब, आत माणूस झोपलाय." दुधाने तोंड पोळलेले प्रभाकरराव आधी ताक फुंकून प्यायचे. पुढे पुढे त्यांनी ते वाक्य ऐकणंच सोडून दिलं.

३

सोपानराव लांडगे यांची चाळ गावठाणाला लागून होती. जुने शेतकरी, जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, आलेल्या पैशांत त्यांनी पत्र्याची चाळ बांधली. कडेच्या खोलीचा मीटर सहा वर्षं हललेला नव्हता. कॉम्प्युटरने ती पहिल्या झटक्यात बाहेर काढली.

नंदकिशोरने ती बघितली आणि त्याचा जीव तिच्यावर बसला. वेगळी मोरी, मागे खिडकी, दारात कडुलिंब. एकच गोष्ट त्याला जरा खटकली. सहा वर्षांच्या कुलपावर गंज नव्हता. रोज हाताळल्यासारखं ते गुळगुळीत होतं.

"आत झोपलंय," सोपानराव म्हणाले.

"कोण झोपलंय?" प्रभाकररावांनी हसून विचारलं.

"तिसऱ्या पाळीचं हाय. दिस मावळला की आमची मंडळी कुलूप काढती, उजाडलं की लावती. भाडं न्हाई, काय न्हाई. दुपारचं उठवू नगा साहेब, पाया पडतो."

"नाव सांगा ना मग त्याचं."

सोपानरावांनी नुसते हात जोडले. प्रभाकररावांनी भैरूला खूण केली. घण वर गेला आणि त्याच क्षणी म्हाताऱ्याने पुढे होऊन कुलपावर पंजा ठेवला. भैरूला घाव आवरता आला नाही. कुलूप तुटलं ते सोपानरावांच्या बोटांसकट. दारावर रक्ताची चिळकांडी उडाली, आणि एवढं होऊनही म्हातारा ओरडला नाही. चेंदलेला हात काखेत दाबून तो एवढंच पुटपुटत राहिला, "हळू बोला. हळू बोला." नंदकिशोरने तोंड फिरवलं. पण खरं सांगायचं तर, त्याही क्षणी त्याच्या मनात आलं की आता ही खोली मिळणार.

कुलूप पडलं तरी दार उघडेना. आतून कडी होती.

प्रभाकरराव चिडले. भैरूने खांद्याने दार फोडलं. आत कुणी नव्हतं. खिडकीला गज होते आणि ते शाबूत होते. जमिनीवर धूळ नव्हती. मधोमध सतरंजी अंथरलेली, उशीला खळगा पडलेला. "घणाच्या दणक्याने कडी आपोआप पडली असेल," प्रभाकरराव म्हणाले. ते पटण्यासारखं होतं. नंदकिशोरने वाकून सतरंजीवर हात ठेवला. ती उबदार होती. पत्र्याखालची खोली, एप्रिल महिना, उबदार असणारच, असं त्याने मनाला सांगितलं. मग शेजारच्या फरशीवर हात ठेवला. फरशी गार होती.

४

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात. त्या दोघांना ते न बांधताच मिळालं. वासंतीने दारात रांगोळी काढली, आतली सतरंजी झटकून पुन्हा अंथरली, स्टोव्हवर शिरा केला आणि पहिल्या रात्री ती मोठ्याने, अगदी खळखळून हसली. पुण्यात तिला असं हसता आलं नव्हतं. ते हसू ऐकून नंदकिशोरच्या डोळ्यांत पाणी आलं. या खोलीसाठी आपण काहीही करू, असं त्याला वाटलं.

त्याचा दिवस आता उलटा झाला. कार्डं वाढली तशी विद्यापीठाला कॉम्प्युटर वापरू द्यायला आणखी एक कंपनी तयार झाली होती, पण फक्त तिसऱ्या पाळीत. तो रात्रभर कार्डं घालायचा, सकाळी येऊन पडायचा. वासंती गावातल्या शाळेवर लागली होती. ती सकाळी जायची, साडेबाराला यायची.

नवी माणसं आली की चाळीत चौकशा होतात, वाट्या-वाट्या फिरतात. इथे तसं काही झालं नाही. दुपारी सगळी चाळ चिडीचूप असे. बायका त्या दारावरून जाताना पायातल्या वहाणा हातात घेत. पोरं लांब, पार रस्त्यापलीकडे खेळत. एकदा वासंतीने भरदुपारी खलबत्त्यात दाणे कुटायला घेतले, तर सोपानरावांची बायको शालनबाई धावत आली आणि तिने बत्ता हातातून काढून घेतला. बत्ता पदराखाली घेऊन निघून गेली.

त्याच आठवड्यात भैरू मेला.

दुपारची भाकरी खाऊन तो समितीच्या गोदामाच्या ओट्यावर विडी ओढत बसला होता. माणसं आत पत्ते खेळत होती. त्यांना धपाधप आवाज आले, धुणं आपटल्यासारखे. बाहेर येऊन बघतात तर भैरू ओट्याखाली पडलेला. त्याच्या चेहऱ्यावर नाक कुठे आणि डोळे कुठे, हे सांगता येत नव्हतं. एवढ्या ताकदीच्या माणसाने हात वर करून मार अडवलासुद्धा नव्हता. पोलिसांनी पत्ते खेळणाऱ्यांतल्या एकाला धरून नेलं.

५

नंदकिशोर हिशेबी माणूस होता. एक घटना म्हणजे काहीच नाही, असं तो वासंतीला म्हणाला. एका आकड्यावरून कसलाही निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरा आकडा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

प्रभाकररावांना भेटायला तो त्या दिवशी न झोपता निघाला होता. रस्त्यापलीकडे, बंद वर्कशॉपसमोर, त्यांनी स्कूटर लावली होती आणि रुमालाने मान पुसत ते त्याचीच वाट बघत होते. त्यांनी हात केला. नंदकिशोरनेही हात केला. मध्ये एक ट्रक येत होता म्हणून तो थांबला.

ट्रक गेला तेव्हा प्रभाकररावांची मान एकदम डावीकडे फिरली. मग उजवीकडे. नंदकिशोरला आधी वाटलं, माशी आली असावी. तिसऱ्या झटक्याला त्यांचा चष्मा उडाला. चौथ्याला तोंडातून रक्त आलं. ते उभेच होते, कुणीतरी कॉलर धरून उभं ठेवावं तसे टाचा उचलून उभे होते, आणि मान फिरत होती. आवाज रस्त्याच्या या बाजूला नीट ऐकू येत होता. सावकाश, एकेक करून, अजिबात घाई न करता. आसपास चिटपाखरू नव्हतं. डांबरावर प्रभाकररावांची सावली होती आणि ती एकटीच होती.

नंदकिशोर पुढे गेला नाही. त्याच्या पाचावर धारण बसली होती. प्रभाकरराव खाली कोसळले, जबडा लोंबत होता, तरी ते त्याच्याकडे बघून काहीतरी सांगू पाहत होते. मग त्यांची नजर त्याच्यावरून सरकली आणि रस्ता ओलांडून येणाऱ्या कुणाकडे तरी बघावं तशी हळूहळू जवळ जवळ येत गेली.

तो पळत सुटला. घरी येऊन, दार लावून सतरंजीवर पडला, डोळे घट्ट मिटले आणि कसं कोण जाणे, त्याला गाढ झोप लागली.

६

"झोपलात म्हणून वाचलात," संध्याकाळी शालनबाई म्हणाली. ती दारातच उभी होती, उंबऱ्याच्या आत काही आली नाही. "झोपल्यालं माणूस त्यो सोडतो. जागं दिसलं की न्हाई सोडत."

"तो कोण, शालनबाई?"

"मला काय म्हाईत? आमी खोली बांधली तवाच त्यो आत झोपल्याला. कुलूप लावलं की पडून ऱ्हातो, एवढं कळलं. मग लावत गेलो." तिने वासंतीच्या पोटाकडे पाहिलं आणि मान फिरवली. "पोरीला दुपारची हितं ठिवू नगा. तिला आता दुपारची झोप लागत न्हाई."

ते खरं होतं. पोटातलं बाळ दुपारीच ढुशा देई आणि वासंती कूस बदलत जागी असे. एवढे दिवस ती इथे दुपारभर, उघड्या डोळ्यांनी, त्याच सतरंजीच्या कडेला बसलेली होती. तो झोपणारा कुलूप नसल्यामुळे बाहेर हिंडत होता म्हणूनच ती वाचली होती.

नंदकिशोरने ठरवलं. खोली सोडायची. चिंचवडला सासूबाईंकडे जायचं, सासऱ्यांची बोलणी खाऊ, पण जायचं. वासंती रडली. तिला काही नीटसं पटलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी टेम्पो ठरला. तोवर तिने रोज सकाळी निघताना बाहेरून कुलूप लावायचं, शाळेतून परस्पर आईकडे जायचं, आणि दिवस मावळला की शालनबाईने दुसऱ्या किल्लीने कुलूप काढायचं.

"आणि तुम्ही?"

"मी आत. झोपलेल्याला तो काही करत नाही. आणि कुलूप असलं म्हणजे तो बाहेर पडणार नाही, तुझ्यापर्यंत पोचणार नाही."

"तुमचा विश्वास आहे यावर?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण कुलूप लाव."

७

शुक्रवारी सकाळी तो कंपनीतून आला तो मेल्यासारखा झोपला. वासंतीने बाहेरून कुलूप घातलेलं त्याने अर्धवट झोपेत ऐकलं.

जाग आली तेव्हा पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा भिंतीवर पडला होता. अजून दुपारच होती. तो परत डोळे मिटणार, इतक्यात त्याला श्वास ऐकू आला. लांब, दमलेला, कामावरून आलेल्या माणसाचा. स्वतःचाच असेल म्हणून त्याने श्वास रोखून पाहिला. तो श्वास चालूच राहिला.

मान न हलवता त्याने डोळे तेवढे वळवले. सतरंजीच्या दुसऱ्या कडेला कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. पाठ दिसत होती आणि पाठीमागे टाकलेला एक हात. हात नंदकिशोरच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, उताणा पडलेला. सांध्यांवरची कातडी सोलवटून निघाली होती आणि एका बोटात चष्म्याच्या काचेचा तुकडा रुतला होता.

झोपायला हवं, त्याला वाटलं. डोळे मिटून पडलं की झालं. संध्याकाळ होईल, शालनबाई उघडेल. त्याने डोळे मिटले. छातीत घण पडत होते, पण श्वास त्याने संथ ठेवला, शेजारच्या श्वासाला लावून घेतला. जमत होतं.

बाहेर बांगड्या वाजल्या.

"अहो! उठलात का?" वासंतीचा आवाज होता, खुशीतला. "टेम्पोवाला आत्ताच मोकळा झाला. चला, आटपून घेऊ."

शेजारचा श्वास अडखळला. मग पुन्हा सुरू झाला.

किल्ली कुलपात गेली. श्वास पुन्हा अडखळला, या वेळी जास्त वेळ. उताण्या हाताची बोटं हळूच मिटली. नंदकिशोरचं डोकं एरवी आकडे लावत बसायचं. आता त्याला एकच आकडेमोड करायची होती आणि ती फार सोपी होती. तो गप्प राहिला तर दार उघडेल, उजेड आत येईल आणि उंबऱ्यात टक्क जागी, पोटुशी वासंती उभी असेल. तो ओरडला तर जागा तोच दिसेल.

"उघडू नकोस!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "कुलूप लाव! आईकडे जा, आत्ताच्या आत्ता जा!"

"अहो, पण झालं काय? बरं वाटत नाही का?"

"जा म्हणतो ना! चालती हो!"

लग्न झाल्यापासून तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. बाहेर तिचा एक हुंदका, किल्ली काढल्याचा आवाज आणि लांब जाणाऱ्या बांगड्या. ती रागावली होती, आणि रागातच टेम्पोत बसेल, बाळाला घेऊन चिंचवडला पोचेल, हे त्याला कळलं आणि इतकं बरं वाटलं, की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

शेजारचा श्वास केव्हाच थांबला होता. सतरंजी ओढली गेली. कुणीतरी उठून बसलं.

नंदकिशोरने डोळे मिटले आणि झोपेचं सोंग घेतलं. गालांवर पाणी तसंच होतं. चेहऱ्यावर ऊब आली, कुणीतरी अगदी जवळून वाकून बघत असल्याची. त्याने श्वास संथ ठेवला. बाहेर टेम्पोने दोन-तीन आचके दिले, सुरू झाला, कडुलिंबाखालून वळला, आणि तो पार नाशिक रस्त्याला लागेपर्यंत नंदकिशोर ऐकत राहिला.

त्यानंतर त्याच्या कॉलरला हात पडला.